निर्वासित मुलींसाठी शिलाई क्लास काढताय? आधी ऑर्डर शोधा, मशीन नंतर घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, आम्ही चौघी मैत्रिणी. दोघी नवऱ्यांच्या बदलीमुळे दोन वर्षं दिल्लीत आहोत, दोघी पुण्यात. दिल्लीतल्या अफगाण आणि बर्मी निर्वासित मुलींसाठी, साधारण १८ ते २५ वयाच्या, काहीतरी करायचंय. एका कंपनीकडून सहा लाख मिळतील असं दिसतंय, शिवाय न्यू जर्सीचे मामाही देतो म्हणालेत. दहा शिलाई मशीन, एक टीचर, आठवड्यातून एकदा काउन्सेलर, सहा महिन्यांचा कोर्स आणि शेवटी सर्टिफिकेट असा प्लॅन आहे. बरोबर आहे का?"

बरोबर की चूक ते सांगायच्या आधी मीच एक विचारते. सहा महिन्यांनी या मुली छान शिवायला लागल्या समजा, तर ते शिवलेलं विकत घेणार कोण? याचं उत्तर तुमच्या प्लॅनमध्ये कुठंच नाहीये.

मी मूळची साताऱ्याकडची, एमएसडब्ल्यू करून दिल्लीत आले आणि इथंच राहिले, काम बहुतेक अफगाण आणि म्यानमारच्या बायका-मुलींबरोबर. भोगलमध्ये, विकासपुरीत अशी घरं दाखवू शकते जिथे एकाच पोरीकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये शिलाई, ब्युटी पार्लर, मेंदी आणि बेसिक कॉम्प्युटर अशी चार-चार सर्टिफिकेटं लावून ठेवलीत आणि कमाई शून्य. ज्याला त्याला क्लास काढायचा असतो कारण क्लास काढणं सोपं आहे, फोटो चांगले येतात, रिपोर्टमध्ये "इतक्या महिला प्रशिक्षित" असं लिहिता येतं. आणि त्या मुली येतातही, कारण निदान घराबाहेर पडायला मिळतं, चहा मिळतो, येण्याजाण्याचे पैसे मिळतात. पण त्यांना शिवता येत नव्हतं म्हणून त्या बेकार होत्या असं काही नव्हतंच. अफगाण बायकांचं भरतकाम बघाल तर तुमची टीचर गप्प बसेल, आणि म्यानमारच्या चिन समाजातल्या बायका कमरेला पट्टा बांधून मागावर जे विणतात ते आपल्याकडच्या कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

पहिलं म्हणजे कागद. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोण कुठून आलंय यावर सगळं ठरतं. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ लोकांचं सरकार स्वतः बघतं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात नोरग्येलिंगला तिबेटी वसाहत आहे, थंडीत नागपूर-पुण्याला स्वेटर घेऊन बसणाऱ्या तिबेटी बायका तुम्ही बघितल्या असतीलच, तर त्या समाजाकडे सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेट असतं आणि वर्षानुवर्षं बसलेला धंदा असतो. अफगाण, चिन, रोहिंग्या, सोमाली यांची नोंद मात्र यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, करतं, आणि हातात येतं ते यूएनएचसीआरचं कार्ड, किंवा केस अजून तपासात असेल तर नुसता कागद. त्या कार्डावर आधार निघत नाही, आधार नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून यूपीआय नाही, आणि सिमकार्ड बहुतेक वेळा घरमालकाच्या नाहीतर कुणा ओळखीच्याच्या नावावर. ज्यांच्याकडे लाँग टर्म व्हिसा आहे त्यांना २०११ च्या शेवटी निघालेल्या गृहमंत्रालयाच्या नियमांनुसार प्रायव्हेट नोकरी करता येते, पण तो व्हिसा नव्याने मिळणं किंवा रिन्यू होणं गेल्या काही वर्षांत फार अवघड झालंय. तिलक नगरच्या अफगाण शीख-हिंदू घरांची गोष्ट वेगळी, ३१ डिसेंबर २०१४ च्या आधी आलेले असतील तर त्यांना नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातून नागरिक व्हायची वाट आहे. म्हणजे एकाच वर्गात शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुली, दोघी काबूलच्या, आणि एकीला पगार खात्यात घेता येईल, दुसरीला नाही. हे तुम्हाला पहिल्या दिवशी माहिती पाहिजे.

आणि हो, परदेशी नागरिकांबद्दलचा कायदाच बदललाय. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. तेव्हा कुणी चार वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून "काही नाही होत हो, द्या काम" म्हणालं तर ऐकू नका. आधी निर्वासितांच्या केसेस बघणाऱ्या वकिलाबरोबर दोन तास बसा, कुणाला मानधन, कुणाला पीस-रेट म्हणजे नगामागे पैसे, कुणाला काय नावाने पैसे देता येतात ते लिहून घ्या. त्या दोन तासांची फी हा तुमच्या सहा लाखांमधला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च असेल.

आता पैसे हातात येतात कसे ते सांगते, कारण हे कुठल्याच प्रपोजलमध्ये नसतं. हौज रानीतली एक मुलगी, बाविशीची, क्रोशाची फुलं आणि कीचेन करायची, ऑनलाइन ओळखीतून गिऱ्हाईकं मिळायची. गिऱ्हाईक म्हणणार यूपीआय कर. मग ती खालच्या मोबाईल-रिचार्जवाल्याचा क्यूआर पाठवायची, पैसे त्याच्याकडे जमा व्हायचे, तो शंभरामागे दहा कापून रोख द्यायचा, आणि आज नाही उद्या ये, उद्या नाही परवा ये. घेताना दुकानात कोणी नसेल तर जरा जास्तच बोलायचा. मग तिने धाकट्या भावाला पाठवायला सुरुवात केली, आणि भाऊ पैसे थेट वडिलांकडे द्यायला लागला. आता सांगा, या मुलीला अजून एक क्रोशा क्लास देऊन काय होणार? तिचा अडथळा सुईत नव्हता, क्यूआरमध्ये होता. आम्ही एवढंच केलं की ऑर्डरचे पैसे संस्थेच्या खात्यात घ्यायचे, वकिलाने सांगितलेल्या पद्धतीने व्हाउचर करायचं, दर शुक्रवारी तिच्या स्वतःच्या हातात रोख आणि एका वहीत तिची सही. वही तिच्याकडे. दोन महिन्यांत तिच्या कामाचा वेग वाढला, आम्ही तिला क्रोशातलं काही न शिकवता.

म्हणून म्हणते, आधी ऑर्डर, मग क्लास. ऑर्डर म्हणजे कोण घेणार, किती नग, काय भाव, किती तारखेला पैसे, हे ठरलेलं. मग त्या ऑर्डरसाठी जेवढं शिकवायला लागेल तेवढंच शिकवा, ते बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत होतं. दिल्लीत सिलाईवाली म्हणून एक उद्योग आहे, गारमेंट कारखान्यांच्या उरलेल्या कापडातून बाहुल्या करतात आणि त्या करणाऱ्या अफगाण निर्वासित बायका आहेत. तिथे डिझाइन, क्वालिटी, परदेशातल्या दुकानांची गिऱ्हाईकी हे सगळं त्या क्षेत्रातल्या माणसांनी अंगावर घेतलंय आणि बायकांकडे त्यांचं हातातलं काम. यूएनएचसीआरचा मेड-फिफ्टीवन हा ब्रँडही याच धर्तीवर चालतो, कारागीर निर्वासित आणि बाजारात उतरणारी एक उद्योगसंस्था अशी जोडी. तुम्हाला एवढं मोठं काही करायची गरज नाही. पण तुमच्या चौघींमधल्या एकीने तरी फक्त विक्रीच बघायची, बाकी कशात लक्ष घालायचं नाही, एवढं ठरवा. पुण्याच्या दोघी त्यासाठी बेस्ट आहेत. दिवाळीच्या आधी पुण्यातल्या कंपन्यांना गिफ्ट बॉक्स लागतात, तिथून पाचशे नगांची ऑर्डर आणा, मग बोलू.

भाव लावताना तासाचा हिशोब करा, नगाचा नाही. समजा एका क्रोशाच्या फुलाला तुम्ही चाळीस रुपये देताय, लोकर पंधराची तिचीच, आणि फुलाला दीड तास लागतो. म्हणजे तासाला सतरा रुपयेसुद्धा नाहीत. आपल्याला वाटतं घरबसल्या काम दिलं, आणि ती बिचारी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर विणत बसते, डोळे जातात, मान धरते. लोकर तुम्ही द्या, तासाला परवडेल असा भाव काढा आणि तेवढा मिळत नसेल तर ती वस्तू सोडून द्या. सरळ सोडून द्या, "सध्या एवढंच, पुढे वाढवू" वगैरे नको, ते पुढे कधी येत नाही.

शिलाई-विणकाम सोडून कमाईच्या वाटा आहेत का तर आहेत, आणि माझ्या मते जास्त चांगल्या आहेत. अफगाण मुलींना दरी आणि पश्तो या त्यांच्याकडच्या भाषा येतात, हिंदी त्या टीव्ही सीरियल बघून आधीच शिकलेल्या असतात, इंग्लिश थोडंफार. उपचारासाठी काबूलहून येणाऱ्या पेशंटांमुळे दक्षिण दिल्लीतल्या खासगी हॉस्पिटलांत दुभाष्यांचं मोठं काम होतं, कितीतरी घरं त्यावर चालायची. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले, भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द करून फक्त ई-व्हिसा ठेवला आणि ते काम एकदम आटलं. पण भाषेचं काम संपलं नाहीये. ऑनलाइन दरी शिकवणं, मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन, संशोधकांना भाषांतर, याला तासाचा भाव शिलाईपेक्षा कितीतरी जास्त मिळतो. जेवणाचं कामही चालतं, बोलानी, मन्तू, काबुली पुलाव याला दिल्लीत गिऱ्हाईक आहे, इल्हाम नावाचा अफगाण बायकांचा केटरिंग गट त्यातूनच उभा राहिला होता. फक्त खाण्याच्या धंद्याला एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी, रजिस्ट्रेशन लागतं, ते या मुलींच्या नावावर काढणं कठीण, म्हणून किचन आणि लायसन्स संस्थेचं पाहिजे.

चिन मुलींचं चित्र वेगळं. त्या राहतात पश्चिम दिल्लीत, विकासपुरी, हस्तसाल, उत्तम नगरच्या गल्ल्यांमध्ये. हिंदी कच्ची, त्यातही सगळ्या "बर्मी" म्हणून एक भाषा बोलतात असं समजू नका, हाखा, फलम, तेदिम असे गट आहेत आणि आपापसात काही जणी बर्मीजमध्ये बोलतात नाहीतर मिझोमध्ये. काम मिळतं ते छोट्या फॅक्टऱ्यांत पॅकिंगचं, नाहीतर लग्नाच्या पार्ट्यांमध्ये वेट्रेसचं. ते लग्नाचं काम म्हणजे रात्री एक-दोनला सुटणार, ठेकेदार हायवेच्या कडेला उतरवणार, आणि तिथून गल्लीपर्यंत टोळक्यांमधून चालत यायचं. छेडछाडीच्या, मारहाणीच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत. या मुलींसाठी तुम्ही काहीच नवीन शिकवलं नाही, नुसतं त्या ठेकेदाराबरोबर बसून सीझनभर परतीची गाडी आणि त्याच रात्री रोख हे दोन मुद्दे ठरवलेत तरी खूप केलंत. आम्ही एका सीझनला हे केलं, आठ-दहा मुलींनी मिळून सांगितलं की गाडी नाही तर येणार नाही, आणि ठेकेदाराला ऐन डिसेंबरच्या मुहूर्तांना मुली हव्याच होत्या त्यामुळे तो झक मारत तयार झाला. एकेकटीने सांगून तो ऐकत नव्हता.

आता मनाचं. तुमच्या प्लॅनमध्ये काउन्सेलर आठवड्यातून एकदा येणार आणि वेगळ्या खोलीत बसणार, तर त्या खोलीत कोणी जाणार नाही, हे मी आत्ताच लिहून देते. समाज लहान असतो, एका गल्लीतले सगळे एकमेकांना ओळखतात, कोण आत गेली हे संध्याकाळपर्यंत तिच्या सासूला कळतं. आणि भाषांतर करायला जिला बसवाल ती कुणाची तरी नणंद निघते. मुलीला विचारा कशी आहेस, ती म्हणणार ठीक आहे, दीदी. खरं बोलणं होतं ते हात कामात असताना, मान खाली घालून, शेजारणीकडे न बघता. म्हणून काउन्सेलर असेल तर तिला कामाच्या खोलीतच बसवा, गुंडाळायला लोकर द्या, पहिला महिना काही विचारायचं नाही म्हणावं. वेगळं बोलायची वेळ येते तेव्हा मुलगी स्वतः कारण काढून थांबते, बटण राहिलंय म्हणते, काहीतरी.

यातलं दुःख नेमकं काय असतं तेही समजून घ्या, नाहीतर सगळं "ट्रॉमा" या एका शब्दात कोंबलं जातं. युद्ध, पळून येणं, ते आहेच, पण रोजच्या रोज जे पोखरतं ते वाट बघणं. दुसऱ्या देशात कायमचं जायची "केस" चालू आहे, इंटरव्ह्यू झाला, फोन येईल, कॅनडाचं होईल, ऑस्ट्रेलियाचं होईल. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांना घ्यायचा कार्यक्रम थांबवला, तेव्हा इथे काही घरांत बॅगा भरायच्याच बाकी होत्या. चिन लोकांबाबत तर २०१८ मध्ये यूएनएचसीआरनेच जाहीर केलं की आता चिन प्रांत सुरक्षित आहे, २०१९ च्या अखेरीस तुमचा निर्वासित दर्जा संपेल. मग मार्च २०१९ मध्ये, तिकडची परिस्थिती बिघडल्यावर, तो निर्णय मागे घेतला. आणि १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ताच घेतली. मधल्या काळात त्या पोरी शाळा सोडू की नको, लग्न करू की नको, परत जायचं तर हिंदी शिकून काय करू, अशा गोंधळात होत्या. वय वर्षं १८ ते २५, जे काय ठरवायचं ते याच वयात ठरतं, आणि ठरवायला हातात काहीच नाही. मग झोप लागत नाही, पाठ दुखते, डोकं दुखतं, जेवण जात नाही. डॉक्टर आयर्नच्या गोळ्या देतो. गोळ्या लागतातच, रक्त खरंच कमी असतं, पण तेवढ्याने ते जात नाही.

आणखी एक, जे मी घरोघर बघते. घरात हिंदी फक्त मोठ्या मुलीला येते. मग आईला बाईच्या आजारासाठी सरकारी हॉस्पिटलात नेणार ती, रांगेत उभी राहणार ती, डॉक्टर जे विचारेल ते आईला आणि आई जे सांगेल ते डॉक्टरला सांगणार ती. एकोणीस वर्षांची पोर आईच्या तोंडून वडिलांनी काय केलं ते ऐकते आणि ते परक्या माणसाला परक्या भाषेत सांगते. मग घरमालकाशी भांडायला तीच, शाळेत भावाच्या ॲडमिशनला तीच, यूएनएचसीआरच्या ऑफिसला तीच. तिचा दिवस तिचा नसतोच. तुमच्या क्लासला गैरहजेरी लागते ती हिचीच, आणि टीचर म्हणते सिरीयस नाहीये. तुमच्याकडे पैसे असतील तर अर्धा दिवस हॉस्पिटलला बरोबर जाणारी एक मोठ्या वयाची, समाजातलीच पण जरा लांबच्या गल्लीतली, दुभाषी बाई पगारावर ठेवा. यासारखा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम नाही. त्या पोरीला आठवड्यातले दोन दिवस मोकळे मिळतात आणि आईच्या काही गोष्टी तिला ऐकाव्या लागत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेची प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस नावाची एक पद्धत आहे, ती जरूर बघा. पाच बैठका, आठवड्याला एक, आणि डॉक्टर-मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या माणसाला नीट ट्रेनिंग आणि वरून देखरेख देऊन ती चालवता येते. श्वास सावकाश घेणं, डोक्यातल्या दहा अडचणींतली हातात असलेली एक निवडून तिच्यावर काम करणं, अंथरुणातून उठून एखादी छोटी गोष्ट करायला लागणं, आणि कुणाची मदत घेता येईल ते शोधणं, एवढंच असतं. समाजातल्याच दोन-तीन शहाण्या बायका यात तयार करा, पगार देऊन. पण जीव द्यायचं बोलणं, आवाज ऐकू येणं, बाळंतपणानंतर बाळाकडे बघेनाशी होणं, असं दिसलं तर गटात सोडवायला जाऊ नका, दिलशाद गार्डनला इहबास हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे तिथे घेऊन जा, स्वतः बरोबर जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो पण दरी किंवा हाखा बोलणारं कोणी मिळेल या भरवशावर राहू नका, फोन लावताना शेजारी बसून तुम्हीच बोला. घरात मारहाण असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा "कोणतीही स्त्री" म्हणतो, नागरिक असण्याची अट त्यात नाही, हे पोलिस चौकीत ठासून सांगावं लागतं.

काम आणि मन या दोन वेगळ्या बजेट लाइन नाहीत, असं मी म्हणते ते नुसतं अनुभवावरून नाही. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या कॅम्पमध्ये काही अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला, २०२२ मध्ये तो छापून आला. काहींना आठ आठवडे काम दिलं, काहींना काम न देता तेवढेच पैसे दिले. काम मिळालेल्यांचं मन नुसते पैसे मिळालेल्यांपेक्षा कितीतरी बरं राहिलं. आणि त्यातलं अजून एक, काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण पुढे बिनपगारीसुद्धा तेच काम करायला तयार होते. संस्थावाल्यांनी याचा अर्थ नीट लावावा. या मुली फुकट काम करायला तयार होतात, "व्हॉलंटियर" म्हणून सहा-सहा महिने भाषांतर करतात, सर्व्हे करतात, कार्यक्रमात खुर्च्या लावतात, कारण दिवस भरलेला असला की बरं वाटतं. त्याचा फायदा घेतला जातो, आणि तो चांगल्या चांगल्या लोकांकडून घेतला जातो. तुमच्याकडे कोणी "पैसे नको दीदी, मी अशीच येते" म्हणाली तरी पैसे द्या.

बचतीबद्दल. आपल्याकडे बचत गट म्हटलं की बँक लिंकेज, इथे ते होणार नाही. पण भिशी होते, आणि भिशी या मुलींना लगेच समजते, सोमाली बायकांची तर स्वतःची पद्धत असतेच. दहा जणी, आठवड्याला दोनशे, जिचा नंबर तिने दोन हजार घ्यायचे. लोकर घेतली, दात काढला, भावाची फी भरली. पेटीत पैसे साठवणाऱ्या गटांपेक्षा इथे भिशी बरी असं माझं मत आहे, कारण रात्री कुणाच्याच घरात मोठी रक्कम राहत नाही. कालिंदी कुंजजवळची रोहिंग्या वस्ती एप्रिल २०१८ मध्ये जळली आणि जून २०२१ मध्ये पुन्हा जळली, दोन्ही वेळा पैसे गेले, कार्डं गेली, कागद गेले. तेव्हा भिशीच्या पहिल्याच बैठकीला प्रत्येकीच्या कार्डाचा, घरच्या सगळ्या कागदांचा फोटो काढून तिच्या स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेवायचा, पासवर्ड तिलाच माहिती. अर्धी संध्याकाळ जाते पण करा.

फोटोवरून आठवलं. मुलींचे चेहरे कुठेही टाकायचे नाहीत, कंपनीने मागितले तरी. काहींचे नातेवाईक अजून तिकडे आहेत, काहींच्या मागे कोणीतरी आहे, आणि इथेही सध्या "हे लोक कुठे राहतात" हे शोधणाऱ्यांची कमी नाही. हातांचे फोटो द्या, वस्तूंचे द्या. पत्ता, गल्ली, क्लासची वेळ पोस्टमध्ये नको. कंपनी ऐकत नसेल तर पैसे घेऊ नका.

न्यू जर्सीचे मामा. ते अजून भारतीय पासपोर्टवर असतील तर प्रश्न नाही, त्यांच्या बचतीतले बँकेतून आले तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिक झाले असतील, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, ते एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, येतं. आणि तुमच्याकडे नोंदणी नाही म्हणून दुसऱ्या एफसीआरए संस्थेत टाकून तिथून आपल्याकडे वळवू असं कोणी सुचवेल, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा देणंच बंद आहे. मामांना सांगा, वस्तू विकत घ्या, दान नको. नाहीतरी ऑर्डरच हवीय आपल्याला. फक्त तिकडे माल पाठवायचा तर एक्स्पोर्टचे कागद लागतील, ते आधी विचारून घ्या.

सहा लाखांचं मी असं करेन. भाड्याची खोली मेट्रोपासून चालत पाच मिनिटांवर, तळमजला किंवा पहिला, वेळ अकरा ते दोन, कारण त्याआधी पाणी आणि भावंडांचे डबे असतात आणि त्यानंतर शाळा सुटतात. खोलीचा एक कोपरा बाळांचा आणि तिथे एक पगारी बाई, नाहीतर लग्न झालेल्या मुली येणारच नाहीत आणि वीस वर्षांच्या मुलींमध्ये त्या बऱ्याच असतात. वकील, दुभाषी, बाळांची बाई, विक्रीसाठी प्रवास, कच्चा माल, आणि दर शुक्रवारी रोख द्यायला थोडी खेळती रक्कम, म्हणजे गिऱ्हाईकाने उशीर केला तरी मुलीचे थांबणार नाहीत. घरच्यांनाही एकदा बोलवा, वडील, भाऊ, सासू, खोली दाखवा, चहा पाजा, कोण येतं कोण जातं ते बघू द्या. पाठवायला नाही म्हणणाऱ्या निम्म्या घरांना फक्त हेच बघायचं असतं. मशीन दहा नकोत. तीन घ्या, त्यातलं एक कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक, आणि तीही ऑर्डर हातात आल्यावर, सेकंडहँड चालतील.

आणि दोन वर्षांनी तुमच्या बदल्या होणार, हे मुलींना पहिल्याच महिन्यात सांगून टाका. त्यांना निघून जाणाऱ्या माणसांची सवय आहे, पण तारीख आधी माहिती असली तर गिऱ्हाईकांचे फोन नंबर, दरांचा तक्ता, लोकर कुठून आणायची, ठेकेदार कोण, हे दीड वर्षांत त्यांच्यातल्या दोघी-तिघींच्या हातात देता येतं, आणि ज्या दोघींना द्यायचं त्यांना विक्रीच्या बोलण्याला आजपासूनच बरोबर न्यायला लागा.